तैनातीवरून परतल्यावर न भरणारी जखम: वाळूमाशीच्या आजाराविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले यजमान शांतिसेनेच्या तुकडीबरोबर पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशात नऊ महिने तैनात होते. परतल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी त्यांच्या डाव्या हातावर एक पुळी उठली, ती वाढत गेली, तिची जखम झाली, आणि प्रतिजैविकांचे दोन कोर्स होऊनही ती भरत नाही. आता डॉक्टरांनी हा वाळूमाशीपासून होणारा आजार असावा असे सांगून जखमेचा तुकडा तपासायला सुचवले आहे. हा आजार नेमका काय आहे, तो मुलांना लागेल का, शरीरात आत पसरेल का, आणि शिस्तीच्या तुकडीत राहूनही तो झालाच कसा, हे आपण विचारले आहे.

प्रथम धीर देण्यासारखे जे आहे ते सांगतो. डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला, तर या आजाराला त्वचेचा लेशमॅनियासिस म्हणतात. त्वचेपुरता मर्यादित असताना तो जिवावर बेतत नाही, स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणात झोपल्याने तो दुसऱ्याला लागत नाही, आणि योग्य उपचाराने तो बरा होतो. मात्र तो सावकाश बरा होतो, मागे वण ठेवून जातो, आणि त्याच्या काही जातींच्या बाबतीत पुढे बराच काळ लक्ष ठेवावे लागते. त्यामुळे "साधे गळू आहे, आपोआप जाईल" असे समजून बसणे जितके चुकीचे, तितकेच घाबरून पहिल्याच दिवशी कडक इंजेक्शने सुरू करणेही चुकीचे आहे.

हा आजार लेशमॅनिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि तो वाळूमाशीच्या, म्हणजे सँडफ्लायच्या, मादीच्या चाव्यातून शरीरात येतो. ही माशी घरमाशीसारखी नसते. ती जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर लांब, फिकट मातकट रंगाची, अंगावर बारीक लव असलेली असते, आणि बसली की पंख मिटून न घेता इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर उभे धरते. डास कानाशी गुणगुणतो, ही आवाज करत नाही. तिचे उडणे दुबळे असते, थोड्या थोड्या अंतरावर टुणटुण उड्या मारत ती पुढे सरकते, त्यामुळे जोराचा वारा असला की ती बाहेर पडत नाही. दिवसा ती उंदरांच्या बिळांत, दगडांच्या फटींत, पडक्या भिंतींत, जनावरांच्या गोठ्यांत लपून बसते, आणि संध्याकाळी अंधारू लागल्यापासून पहाटेपर्यंत रक्त प्यायला निघते. ती पाण्यात अंडी घालत नाही, सेंद्रिय कचरा असलेल्या ओलसर मातीत घालते. म्हणून साचलेले पाणी काढून टाकून डास कमी होतात, पण या माशीवर त्याचा काही परिणाम होत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मलेरियाविरुद्धची सगळी व्यवस्था चोख असलेल्या तळावरही या आजाराचे रुग्ण निघतात आणि मग सगळे चकित होतात. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ही माशी आरामात आत शिरते.

परजीवी माशीच्या आतड्यात वाढतो, चाव्याबरोबर त्वचेत उतरतो, आणि ज्या पेशींनी जंतूंना गिळून नष्ट करायचे त्याच पेशींच्या पोटात घर करून राहतो. माशीच्या लाळेतील घटक त्याला तिथे स्थिरावायला मदत करतात. पश्चिम व मध्य आशियाच्या वाळवंटी भागात लेशमॅनिया मेजर ही जात प्रामुख्याने आढळते. तिचा मूळ आसरा वाळवंटातील उंदीरवर्गीय प्राणी आहेत, म्हणजे मोठे जर्बिल आणि खारट झुडपांवर जगणारा लठ्ठ वाळवंटी उंदीर. या प्राण्यांच्या बिळांतच माशी राहते, त्यांचेच रक्त पिते, आणि माणूस मध्ये आला तर त्यालाही चावते. दुसरी जात लेशमॅनिया ट्रॉपिका. ही बहुधा शहरांत आणि दाट वस्तीत, माणसाकडून माशीमार्फत माणसाकडे जाते. काबूल आणि अलेप्पो ही तिची नावाजलेली ठिकाणे आहेत.

आता तो झालाच कसा, याकडे वळतो. स्थानिक माणसाला लहानपणीच हा आजार होऊन गेलेला असतो आणि बहुधा त्या जातीविरुद्ध त्याला आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळालेली असते. बाहेरून आलेल्या जवानाची कातडी या परजीवीसाठी अगदी कोरी असते. त्यातच त्याचे काम त्याला नेमके त्याच जागी आणि त्याच वेळी नेऊन ठेवते. तळासाठी जमीन सपाट करताना बुलडोझर शेकडो बिळे उकरतो, मातीचे बांध घालताना नवी बिळे तयार व्हायला जागा होते, पहारा रात्रीचा असतो, झोप जमिनीलगतच्या खाटेवर किंवा थेट जमिनीवर असते. सुरुवातीच्या महिन्यांत वातानुकूलित निवारे नसतात, उकाडा असह्य असतो, आणि माणूस गणवेश काढून, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर तंबूबाहेर झोपतो. वाळूमाशीला याहून सोयीची परिस्थिती असूच शकत नाही.

याची सर्वांत अभ्यासलेली उदाहरणे इराक आणि अफगाणिस्तानातील आहेत. २००३ च्या वसंत ऋतूत अमेरिकी सैन्य इराकमध्ये उतरले. नासिरियाजवळच्या तल्लील हवाई तळावर उन्हाळ्यात एकेका जवानाच्या अंगावर एका रात्रीत चाव्यांचे शेकड्यांनी ठिपके उठलेले दिसू लागले. तळावरच्या कीटकतज्ज्ञांनी सापळे लावून माशा पकडल्या, त्यांत परजीवी सापडला, आणि त्यावरून धोक्याचा इशारा देण्यात आला. ऑगस्ट २००२ ते फेब्रुवारी २००४ या काळात त्या भागात गेलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये पक्के निदान झालेल्या रुग्णांची संख्या ५२२ पर्यंत गेली, आणि त्यांतील बहुतेकांमध्ये लेशमॅनिया मेजर आढळला. २००५ मध्ये उत्तर अफगाणिस्तानात मझार-ए-शरीफजवळ असलेल्या सुमारे ९४० डच सैनिकांच्या तुकडीत १७० हून अधिक जणांना हा आजार झाला, म्हणजे दर पाच-सहा जणांत एकाला. प्रगत सैन्य, औषधे हाताशी, डॉक्टर सोबत, आणि तरीही हे घडले. त्यामुळे आपल्या यजमानांनी काही निष्काळजीपणा केला असेल, असा सल मनात बाळगू नये.

सैनिक आणि हा आजार यांचे नाते जुने आहे. वेगवेगळ्या शहरांत मुक्काम पडलेल्या फौजांनी या जखमेला त्या त्या शहराचे नाव दिले. बगदाद फोड, अलेप्पो फोड, दिल्ली फोड ही एकाच आजाराची नावे आहेत. परजीवीला मिळालेले नावही लष्करी डॉक्टर विल्यम लेशमन यांचे आहे. कोलकात्याजवळच्या डमडमला राहून गेलेल्या आणि इंग्लंडमध्ये मृत्यू पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत त्यांना हे सूक्ष्म जीव दिसले, त्याच सुमारास मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनाही ते सापडले, आणि दोघांचे लेखन १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. तो सैनिक मात्र त्वचेच्या आजाराने गेला नव्हता. त्याला आपण ज्याला काळा आजार म्हणतो तो, म्हणजे याच कुळातील दुसऱ्या परजीवीने होणारा यकृत-प्लीहेचा आजार झाला होता. या दोन्हींची गल्लत होते आणि घरोघरी विनाकारण भीती पसरते, म्हणून हा खुलासा केला.

जखम कशी दिसते हे आता थोडे जवळून सांगतो. सुरुवात एका लहान, तांबूस, किंचित टणक पुळीने होते. ती कीटक चावल्यासारखीच वाटते, पण कीटकाचा चावा आठवड्याभरात बसतो आणि ही बसत नाही. काही आठवड्यांत ती वाटाण्याएवढी, मग सुपारीएवढी होते, मध्यभागी खपली धरते, आणि खपली निघाली की खाली लालसर, दाणेदार तळ असलेली उथळ जखम दिसते. तिचा काठ उंचावलेला आणि गोल असतो, जणू मातीत ओले बोट दाबून खळगा केल्यावर कडेने माती वर यावी तसा. आणि एवढी जखम असूनही ती फारशी दुखत नाही. दुखू लागली, गरम झाली, पू धरला, तर बहुधा वरून दुसऱ्या जंतूंचा संसर्ग झालेला असतो. हात, पाय, मान, चेहरा, कानाची पाळी या उघड्या राहणाऱ्या जागी ती येते, आणि एकाच वेळी अनेक असू शकतात. कधी कधी जखमेपासून वर, हाताच्या आतल्या बाजूने, माळेतल्या मण्यांसारख्या लहान गाठी लागतात. परजीवी लसिकावाहिन्यांतून, म्हणजे लिंफ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, पुढे सरकल्याची ती खूण आहे.

हेच वर्णन थोड्या फरकाने इतर आजारांनाही लागू पडते. साधे जिवाणूजन्य व्रण, त्वचेचा क्षय, मातीतून येणारी बुरशी, प्राण्यांच्या कातड्यातून येणारा अँथ्रॅक्स, मोठ्या वयात त्वचेचा कर्करोग, हे सगळे अशाच न भरणाऱ्या जखमेच्या रूपात समोर येतात. छावण्यांत याला "कोळी चावला" म्हणून सोडून देण्याची पद्धत फार जुनी आहे. माझ्याकडूनही एकदा हे निदान हुकले आहे. वाळवंटातील तैनातीवरून आलेल्या एका हवालदाराच्या मनगटावरची जखम मी जिवाणूंची समजून सहा आठवडे औषधे बदलत राहिलो. त्याने कागदाच्या चिठ्ठीवर दर रविवारी पेनने जखमेची बाहेरची रेषा उतरवून ठेवली होती. सहाव्या आठवड्यात त्याने त्या सहा चिठ्ठ्या एकावर एक ठेवून माझ्यासमोर उजेडाकडे धरल्या. प्रत्येक वर्तुळ मागच्याहून थोडे मोठे होते. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा विचारले की, तुम्ही रात्री कुठे झोपत होता. तो म्हणाला, "पडक्या भिंतीच्या आडोशाला, साहेब, तिथे वारा कमी लागायचा." निदान त्या एका वाक्यात होते आणि मी ते सहा आठवडे विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी जखमेच्या आधी रात्रीची चौकशी करतो. जखम कशी दिसते यापेक्षा रुग्णाने रात्र कुठे, कशा कपड्यांत आणि कोणत्या महिन्यात काढली, याचे उत्तर मला अधिक भरवशाचे वाटते. आपल्या यजमानांनाही ही माहिती तारखांसह लिहून डॉक्टरांकडे न्यायला सांगावे.

तपासणीविषयी. रक्ताची चाचणी करून त्वचेच्या या आजाराचे निदान होत नाही. रक्तात प्रतिपिंडे आढळली नाहीत म्हणून आजार नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मान्य करू नये. नमुना जखमेतूनच घ्यावा लागतो, आणि तो कुठून घेतला हे महत्त्वाचे असते. मध्यभागच्या पुवात आणि मृत पेशींत परजीवी क्वचित सापडतो, तो उंचावलेल्या काठात असतो. म्हणून जखम स्वच्छ करून, खपली काढून, बधिर करून काठावरून खरवडलेला किंवा लहान तुकडा कापून घेतलेला नमुना काचेवर घेतात, गिम्सा रंगाने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींच्या आत दोन ते चार मायक्रॉनचे अंडाकृती ठिपके दिसतात आणि प्रत्येकात एक मोठा गोल व त्याच्या बाजूला एक बारीक आडवी काडी असते. ही काडी दिसली की शंका उरत नाही. जखम जितकी नवी, तितके परजीवी जास्त. सहा महिन्यांनंतर ते इतके कमी होतात की चांगल्या प्रयोगशाळेलाही अनेकदा सापडत नाहीत. म्हणून आता वेळ घालवू नये. याच तुकड्याचा एक भाग पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए ओळखणाऱ्या, चाचणीसाठी आणि एक जिवाणू, क्षय व बुरशी यांच्या तपासणीसाठी पाठवावा, असा माझा आग्रह असतो. पीसीआरने परजीवीची जात कळते, आणि उपचार जातीवर अवलंबून असतो.

ही जात कळणे महत्त्वाचे का, ते थोडे सविस्तर सांगतो. लेशमॅनिया मेजरची जखम पाहायला उग्र, ओली आणि पसरट असते, पण बहुतेक वेळा काही महिन्यांत स्वतःहून भरते. ट्रॉपिकाची जखम कोरडी आणि संथ असते, वर्षभर किंवा त्याहून अधिक रेंगाळते, आणि भरलेल्या वणाच्या कडेने पुन्हा नव्या पुळ्या येण्याची शक्यता तिच्यात असते. १९९१ च्या आखाती युद्धानंतर अमेरिकी सैनिकांपैकी बाराजणांमध्ये ट्रॉपिका शरीराच्या आतही आढळला होता. ताप, थकवा, पोटाच्या तक्रारी अशी त्यांची लक्षणे होती. तोवर ही जात त्वचेपुरतीच राहते असे मानले जात असे. असे घडणे दुर्मीळ आहे, पण त्यामुळे लांबलेला ताप किंवा वजन घटणे असेल तर त्याचीही नोंद घ्यावी, हे आम्ही शिकलो. दक्षिण व मध्य अमेरिकेच्या जंगलात सराव केलेल्या सैनिकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. बेलीझच्या जंगलात प्रशिक्षण घेऊन परतलेल्या ब्रिटिश सैनिकांमध्ये लेशमॅनिया ब्राझिलिएन्सिस सापडतो. तो त्वचेची जखम भरल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी, नाकाच्या आणि घशाच्या आवरणात उमटू शकतो. पश्चिम आशियात ही जात नाही, म्हणून आपल्या बाबतीत ही भीती मनातून काढून टाकावी.

उपचाराच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: औषध आजारापेक्षा कठोर असू नये. एक-दोन लहान जखमा, सांध्यापासून आणि चेहऱ्यापासून दूर, प्रतिकारशक्ती चांगली, आणि जात मेजर, अशा रुग्णाला मी जखमेची स्वच्छता ठेवून थांबायला सांगतो, किंवा जागेवरचा उपचार करतो. जागेवरच्या उपचारांत द्रव नायट्रोजनने गोठवणे, जखमेच्या काठात अँटिमनी या मूलद्रव्याच्या संयुगाचे इंजेक्शन काही दिवसांच्या अंतराने देणे, पॅरोमोमायसिनचे मलम, आणि उष्णतेचा उपचार हे मार्ग आहेत. उष्णतेच्या उपचारात जागा बधिर करून जखमेवर ५० अंश सेल्सिअस तापमान ३० सेकंद, असे भागाभागाने देतात. हा परजीवी उष्णता सोसू शकत नाही, आणि जवानाला काही दिवसांत कामावर परतता येते, म्हणून लष्करी डॉक्टरांनी ही पद्धत उचलून धरली. त्यानंतर काही दिवस जागा भाजल्यासारखी दिसते आणि पाझरते, याची रुग्णाला आधी कल्पना द्यावी लागते.

जखमा अनेक असतील, चार-पाच सेंटिमीटरहून मोठ्या असतील, चेहरा, बोटे, सांधे किंवा गुप्तांगावर असतील, लसिकावाहिन्यांवर गाठी आल्या असतील, किंवा जागेवरचे उपचार फसले असतील, तर संपूर्ण शरीरातून जाणारे औषध द्यावे लागते. आज वापरात असलेल्यांतले जुने औषध म्हणजे सोडियम स्टिबोग्लुकोनेट, हे अँटिमनीचे संयुग आहे. वजनाच्या प्रत्येक किलोला रोज २० मिलिग्रॅम या प्रमाणात सहसा २० दिवस ते इंजेक्शनाने देतात. ते काम करते, पण सांधे दुखतात, भूक जाते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, यकृताच्या चाचण्या बिघडतात आणि हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे रक्ततपासण्या आणि ईसीजी वेळोवेळी करण्याची सोय नसेल, तिथे ते सुरू करू नये. तोंडाने घ्यायचे मिल्टेफोसिन २८ दिवस घेतात. मझार-ए-शरीफच्या डच सैनिकांपैकी ज्यांच्यावर अँटिमनीची इंजेक्शने चालली नाहीत त्यांच्यासाठीही ते वापरले गेले. त्याने मळमळ आणि उलट्या होतात, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचे असते. ते गर्भाला घातक आहे, त्यामुळे स्त्री सैनिकाला देताना औषध चालू असताना आणि ते संपल्यावर पाच महिने गर्भधारणा टाळावी लागते. लायपोसोमल अँफोटेरिसिन हा तिसरा पर्याय आहे. तो महाग आहे आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवून द्यावा लागतो. बुरशीविरोधी फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांचा मेजरवर काही प्रमाणात उपयोग होतो, पण केवळ गोळी सोपी म्हणून ती सगळ्यांना लिहून देणे मला पटत नाही.

आता घरातल्या प्रश्नांविषयी. मुलांना जवळ घेण्यात, एकत्र झोपण्यात काही धोका नाही. जखम झाकून ठेवावी, ती स्वच्छतेसाठी आणि वरून संसर्ग होऊ नये म्हणून. रक्तदान मात्र अजिबात करू नये. परजीवी काही काळ रक्तातील पेशींत असू शकतो, आणि याच कारणाने २००३ नंतर इराकहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना वर्षभर रक्तदानास मनाई करण्यात आली होती. बरा झालेला रुग्ण पूर्णपणे परजीवीमुक्त होतो असे समजू नये. थोडे परजीवी शरीरात निद्रिस्त राहतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. म्हणून पुढे कधी संधिवातासाठी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, अवयव प्रत्यारोपण किंवा स्टिरॉइडचा दीर्घ उपचार करायची वेळ आली, तर "मला पूर्वी लेशमॅनियासिस झाला होता" हे वाक्य त्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ते वैद्यकीय कागदपत्रांत लिहून घ्यावे. आणि वणाविषयी एक गोष्ट: चेहऱ्यावर वण राहिलेल्या तरुण जवानांना तो फार लागतो, ते आरशासमोर उभे राहायचे टाळतात. हा मनाचा भाग डॉक्टरांनी आणि घरच्यांनी दुर्लक्षू नये. वणावरचे उपचार जखम पूर्ण भरून वर्ष उलटल्यावरच करावेत, नाहीतर आजार पुन्हा उफाळण्याचा धोका असतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नात एक पोटप्रश्न आहे: पुढच्या तुकडीतल्या मुलांनी काय करावे. या आजारावर माणसांसाठी मंजूर झालेली लस नाही आणि आगाऊ घ्यायची गोळीही नाही. पूर्वी मुद्दाम जिवंत परजीवी टोचून एक जखम करून घेण्याची पद्धत होती. १९८० च्या दशकात इराण-इराक युद्धाच्या काळात इराणमध्ये ती लाखो लोकांवर वापरली गेली, पण टोचलेली जखमच काहींच्या बाबतीत फार दिवस भरत नसे, म्हणून ती मागे पडली. तेव्हा उरते ती चावण्यापासूनची राखण, आणि ती रात्रीची राखण आहे. गणवेश परमेथ्रिन या कीटकनाशकाने प्रक्रिया केलेला असावा. फवाऱ्याने केलेली प्रक्रिया पाच-सहा धुण्यांनंतर उतरते, कारखान्यात केलेली पुष्कळ जास्त टिकते. हे औषध कपड्याला लावायचे असते, कातडीला नाही. उघड्या कातडीवर डीट किंवा पिकारिडिन ही कीटकांना दूर ठेवणारी द्रव्ये असलेले मलम लावावे, उन्हाचे मलम आधी आणि हे नंतर, आणि ते हाताच्या पाठी, कान, घोटे या विसरल्या जाणाऱ्या जागीही लावावे. डीटने घड्याळाचा पट्टा आणि चष्म्याची फ्रेम खराब होते, त्यामुळे मुले ते लावायला टाळाटाळ करतात. त्यांना हे आधीच सांगितले की तक्रार कमी होते.

झोपेची जागा हा मुख्य विषय आहे. खाट जमिनीपासून उंच असावी, शक्य असेल तिथे वरच्या मजल्यावर झोपावे, कारण या माशा खालच्या थरातच उडतात. मच्छरदाणी परमेथ्रिनने भिजवलेली असावी. अगदी बारीक जाळीची मच्छरदाणी माशीला अडवते, पण आत वारा येत नाही, उकडते, आणि मध्यरात्री माणूस ती बाजूला सारतो. त्यापेक्षा औषध लावलेली थोडी मोठ्या भोकांची जाळी अधिक उपयोगी, कारण ती माणूस रात्रभर वापरतो. पंखा चालू ठेवावा. दुबळी माशी वाऱ्याच्या झोतात तग धरत नाही. वातानुकूलित निवारे आल्यावर इराकमधील तळांवरचा धोका मोठ्या प्रमाणात उतरला, याचे कारण केवळ थंडावा नाही, तर बंद दारे आणि बाहेर न झोपणे. तळ निवडतानाच वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि कीटकतज्ज्ञाला सोबत घ्यावे. बिळांनी भरलेली जमीन, पडकी गावे आणि खारट झुडपांचे पट्टे टाळावेत. ते टाळता येत नसेल, तर बिळे नष्ट करावीत आणि झुडपे उपटावीत. सरसकट धुराची फवारणी करून कमांडरला काही केल्याचे समाधान मिळते, पण बिळाच्या खोलीत बसलेल्या माशीपर्यंत ती पोहोचत नाही, आणि तो वेळ व पैसा जाळ्यांवर खर्च झाला असता तर बरे, असे मला वाटते. वरिष्ठांनी स्वतः संध्याकाळनंतर बाह्या खाली केल्या तर तुकडी करते. मी हे वारंवार पाहिले आहे.

आपल्या यजमानांच्या बाबतीत आता इतकेच: नमुना लवकर द्यावा, जखमेवर घरगुती लेप आणि स्टिरॉइडची मलमे लावू नयेत, स्टिरॉइडने परजीवी फोफावतो. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी जखम पूर्ण भरली का, हे पाहून मगच बरे झाल्याचे ठरवावे, आणि वर्षभर वणाच्या कडेवर लक्ष ठेवावे. त्यांच्याबरोबर त्याच तंबूत झोपलेल्या साथीदारांना फोन करून हे सांगायलाही त्यांना सुचवा, कारण त्यांच्यापैकी एखाद्याच्या हातावर अशीच न भरणारी जखम असेल आणि तो अजून प्रतिजैविकेच घेत असेल.